बंद घड्याळावरचा कागद

गेल्या दिवाळीत माहेरी गेले होते. फराळाचं ताट घेऊन शेजारच्या काकू आल्या आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "हैदराबादला तू नेमकं काय करतेस गं?"

मी म्हणाले, "काकू, मी ड्रायव्हर लिहिते."

काकूंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि आईकडे वळून हळूच म्हणाल्या, "ड्रायव्हरांच्या हजेऱ्या लिहिते होय? म्हणजे वडिलांसारखी रेल्वेतच लागली!"

आम्ही सगळे हसलो. अण्णा मात्र हसता हसता थांबले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही म्हणता ते अगदीच चूक नाही. हिचं काम माझ्या कामासारखंच आहे."

अण्णा असं का म्हणाले, ते आज तुम्हाला सांगायचं आहे. त्यात माझी एक चूकही आहे. ती सांगायला मला दोन वर्षं लागली.

आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते सांगते. तुमच्या हातातल्या फोनमध्ये कॅमेरा आहे, स्पीकर आहे, पडदा आहे. हे सगळे सुटे भाग वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेले असतात आणि प्रत्येकाची बोली वेगळी असते. फोनच्या मुख्य कारभाऱ्याला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला, प्रत्येकाची बोली कशी कळणार? म्हणून मधे एक दुभाषा बसवतात. त्या छोट्या प्रोग्रॅमला म्हणतात ड्रायव्हर. मी घड्याळांचे दुभाषे लिहिते.

घड्याळाला दुभाषा कशाला? जुन्या लग्नांतलं घटिकापात्र आठवा. पाण्यात तरंगणारी, बुडाशी बारीक भोक असलेली वाटी. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे 24 मिनिटं झाली. अशा 60 घटका म्हणजे एक दिवस. पण वाटी फक्त बुडते. ती तोंडाने काही सांगत नाही. कुणीतरी तिच्यापाशी बसून पाहावं लागतं, मोजावं लागतं आणि मांडवाला ओरडून सांगावं लागतं. तो बसलेला माणूस म्हणजे ड्रायव्हर. त्याचा डोळा लागला तर वाटीची काही चूक नाही, पण मुहूर्त टळतो.

आजच्या यंत्रात वाटीच्या जागी क्वार्ट्झचा, म्हणजे गारेचा, इवलासा स्फटिक असतो. वीज दिली की तो सेकंदाला 32768 वेळा थरथरतो. हा आकडा विचित्र वाटतो ना? पण तो पंधरा वेळा निम्मा करत गेलं की बरोबर 1 उरतो. म्हणजे एका सेकंदाला एक ठोका. निम्मं करणं हे यंत्राला सगळ्यांत सोपं जाणारं काम, म्हणून हा आकडा निवडला. यंत्र बंद असतानाही हा स्फटिक थरथरत राहावा म्हणून शेजारी बटणाएवढा एक सेल असतो. घरातला जुना कॉम्प्युटर सुरू केल्यावर तो एकदम वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवायला लागला, तर समजा की तो सेल संपला.

आता अण्णांकडे येते.

अण्णा मराठवाड्यातल्या एका लहान स्टेशनवर मास्तर होते. मीटरगेजचा काळ. दिवसाला मोजक्या गाड्या, एक फलाट, एक कडुलिंब आणि मास्तरांच्या खोलीत एक मोठं घड्याळ. मी शाळेतून आले की तिथेच दप्तर टाकायची. दुपारचे चार वाजत आले की अण्णा हातातलं काम बाजूला ठेवायचे. त्या वेळी फोनवरून कंट्रोलची वेळ यायची. रेल्वेच्या नियमांतच आहे ते. रोज 16 वाजता सगळ्या मुख्य स्टेशनांना प्रमाणवेळ कळवायची. अण्णा ती ऐकत, भिंतीवरचं घड्याळ मिळवत आणि वहीत नोंद करत. किती सेकंद पुढे होतं, किती मागे. मग गाडी सुटण्याच्या मोठ्या स्टेशनवर गार्ड आपलं घड्याळ स्टेशनच्या घड्याळाशी मिळवणार, आणि इंजिनाचा ड्रायव्हर गार्डच्या घड्याळाशी. एकाकडून दुसऱ्याकडे वेळ अशी उतरत जायची.

मोठेपणी घड्याळाचा पहिला ड्रायव्हर लिहायला बसले, तेव्हा मला हेच सगळं नव्या नावांनी भेटलं.

पहिली गोष्ट, घड्याळ सगळ्यांना दिसावं, पण चावी एकाकडेच असावी. लिनक्समध्ये वेळ कुणीही वाचू शकतं, बदलण्याचा अधिकार मात्र मोजक्यांनाच. फलाटावरचा कुणीही उठून काटे फिरवू लागला तर गाड्या कशा चालणार? शिवाय वेळ विचारणारे फार असतात. यंत्रातले प्रोग्रॅम सेकंदाला हजारो वेळा वेळ विचारतात. प्रत्येकाने मास्तरांचं दार ठोठावलं तर मास्तर दुसरं काय करणार? म्हणून वेळ आतून काढून बाहेरच्या एका पाटीवर मांडून ठेवतात. ज्याला हवी त्याने येता-जाता वाचावी.

दुसरी गोष्ट, 'किती वाजले' आणि 'किती वेळ झाला' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. समजा, तुम्ही भिंतीवरचं घड्याळ पाहून कुकर दहा मिनिटं ठेवलात. मधेच घरातल्या कुणीतरी ते घड्याळ मागे होतं म्हणून पाच मिनिटं पुढे सारलं. तुम्ही पाचच मिनिटांत गॅस बंद कराल आणि डाळ कच्ची राहील. म्हणून लिनक्स निदान दोन घड्याळं ठेवतं. एक भिंतीवरचं, ते कधीकधी मागेपुढे सारावं लागतं. दुसरं कधीच मागे न येणारं, यंत्र सुरू झाल्यापासून मोजणारं. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने कोणत्या प्रश्नाला कोणतं घड्याळ दाखवायचं, हे चुकवायचं नाही.

तिसरी गोष्ट, दुरुस्ती शक्यतो हळूच करावी. घड्याळ एक सेकंद मागे असेल तर एकदम उडी मारण्यापेक्षा त्याला किंचित जलद चालवतात. लिनक्समधल्या नेहमीच्या मर्यादेने एक सेकंद भरून काढायला 2000 सेकंद, म्हणजे अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. कुणाला कळतही नाही.

चौथी गोष्ट भाचरामुळे कळली. त्याने एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही घातलं आणि रडवेला होऊन फोन केला, "मावशी, घड्याळ रोज बिघडतं!" मी विचारलं, "किती चुकतं?" तो म्हणाला, "साडेपाच तास." मला हसू आलं. लिनक्स त्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज आपली स्थानिक वेळ. दोघांत साडेपाच तासांचं अंतर. एकाने लिहिलेलं दुसरा आपल्या रीतीने वाचतो. घड्याळ बिघडलेलं नव्हतंच, दोघांचं आपसांत ठरलेलं नव्हतं. आपल्याकडेही असं झालेलं आहे. 1906 पासून भारताची प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईने आपली वेगळी 'बॉम्बे टाइम' 1955 पर्यंत सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे. एकाच शहरात दोन वेळा. 'किती वाजता' म्हटलं की 'कोणत्या वेळेनुसार' हेही विचारावं लागत असणार.

हे सगळं मला नीट येत होतं. तरीही चूक झाली. ती पाचव्या गोष्टीत.

आमच्या कंपनीत एक छोटा डबा बनत होता. औषधांच्या फ्रिजजवळ ठेवायचा. दर मिनिटाला आतलं तापमान मोजायचं आणि वेळेसह नोंदवायचं. बहुतेक लसी 2 ते 8 अंशांत ठेवाव्या लागतात, म्हणून या नोंदीला महत्त्व. वीज गेली तर डबा त्याच्या बॅटरीवर दोनेक तास चालायचा आणि मग झोपायचा. ज्या गावांत इंटरनेट नाही तिथे तो जाणार होता. म्हणजे वेळ विचारायला बाहेर कुणी नाही. सगळी भिस्त आतल्या घड्याळावर.

अशा घड्याळाच्या चिपमध्ये एक छान सोय असते. सेल संपून स्फटिक मधे थांबला, तर चिप एक खूण वर करून ठेवते, 'मी थांबलो होतो, माझ्या वेळेवर विश्वास ठेवू नका.' ड्रायव्हरने ती खूण वाचायची आणि वरच्यांना स्पष्ट सांगायचं, वेळ माहीत नाही. लिनक्सच्या जगात रीतच आहे ही. वेळ खोटी आहे हे ठाऊक असेल, तर ड्रायव्हरने मनाने तारीख घालायची नाही, चूक कळवायची.

मी तसंच लिहिलं होतं. मग चाचणीच्या वेळी पडद्यावर वेळेच्या जागी नुसत्या रेषा दिसायला लागल्या. विक्री विभागातून निरोप आला, "गिऱ्हाइकाला हे बिघडल्यासारखं वाटतं. काहीतरी दाखवा." मुदत जवळ आली होती. मी विचार केला, शेवटची नोंद किती वाजताची आहे ते आपल्याला माहीत आहेच, तिथूनच पुढे चालू करू. ड्रायव्हरमध्ये चार ओळी घातल्या. खूण वर दिसली तर शेवटची नोंदलेली वेळ घड्याळात भरायची आणि खूण खाली करायची. रेषा गेल्या. पडदा सुंदर दिसू लागला. सगळ्यांनी शाबासकी दिली.

'शेवटची वेळ' वापरणं हे मुळात पाप नाही. ज्या छोट्या कॉम्प्युटरांत आतलं घड्याळच नसतं ते इंटरनेटवरून खरी वेळ येईपर्यंत असंच काहीतरी करतात. माझं पाप दुसरं होतं. मी खूण पुसली. अंदाजाला मी खऱ्याचे कपडे घातले.

वर्षभराने, एका सोमवारी सकाळी फोन आला. डोंगराळ भागातला एका ट्रस्टचा छोटा दवाखाना. मराठी येतं म्हणून फोन माझ्याकडे वळवलेला. पलीकडे सिस्टर होत्या.

"मॅडम, तुमच्या डब्यात रविवारचे दुपारचे दोन वाजलेत. इथे आज सोमवार उजाडला, नऊ वाजून गेले."

शुक्रवारी रात्री वादळ झालं होतं. तीन दिवसांत वीज तीनदा गेली आणि आली. डब्यातला बटण सेल केव्हाचा संपलेला. दर वेळी डबा झोपला आणि दर वेळी उठून 'जणू काही झालंच नाही' असं म्हणत तिथूनच पुढे मोजू लागला. नोंदींत कुठेही खंड नव्हता. एका मिनिटाला 5 अंश, पुढच्याच मिनिटाला 13. पुन्हा हळूहळू खाली. असं तीन वेळा.

मी गणित मांडलं. एकूण 19 तास हरवले होते. पण कोणत्या वेळी किती? पहिल्यांदा दोन तास गेले की बारा? लस सलग किती वेळ उबेत होती? नोंद काहीच सांगत नव्हती. डब्यात दुसरं, कधीच मागे न येणारं घड्याळही होतं, पण ते यंत्रासोबतच झोपलं होतं. त्या कुप्यांवर उष्णतेने रंग बदलणारी खूणही नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी एका वाक्यात निकाल दिला, "शंका आहे ना? मग टोचायचं नाही." फ्रिजमधल्या सगळ्या लसी टाकून द्याव्या लागल्या.

"मंगळवारी पोरं घेऊन बाया येणार होत्या," सिस्टर म्हणाल्या. "दोन-दोन तास चालत येतात हो. त्यांना परत पाठवायचं आता." त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पडद्यावर रेषा दिसल्या असत्या तर? तर वादळाच्या किती तरी आधी, पहिल्यांदा वीज गेली तेव्हाच कुणीतरी फोन केला असता आणि मामुली किमतीचा सेल बदलला गेला असता. घड्याळ ओरडून सांगत होतं. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला होता.

त्या रात्री अण्णांना फोन केला. त्यांना खूण, चिप यातलं काही कळणार नाही असं वाटलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपल्या स्टेशनातलं घड्याळ बंद पडायचं तेव्हा मी काय करायचो, आठवतं का तुला?"

आठवलं. अण्णा स्टुलावर चढून त्या घड्याळाच्या तोंडावर कागद चिकटवायचे. दुरुस्तीवाला येईपर्यंत तो तसाच असायचा. मी एकदा विचारलंही होतं, "अण्णा, कागद कशाला? बंद आहे हे दिसतंच की."

अण्णा म्हणाले, "अगं, बंद घड्याळ बंद आहे हे लांबून दिसत नाही. सव्वाचार दाखवत असेल तर बघणाऱ्याला सव्वाचारच वाटतात. न चालणाऱ्या घड्याळाची भीती नाही बाळ, चालतंय असं वाटणाऱ्याची आहे. मास्तराला वेळ माहीत नसेल तर त्याने कंट्रोलला विचारावं. त्यात लाज नाही. अंदाजाने गाडी सोडण्यात आहे."

दुसऱ्या दिवशी मी वरिष्ठांना लेखी कळवलं, चूक चिपची नाही, सेलची नाही, माझ्या चार ओळींची आहे. वाटलं होतं नोकरी जाईल. गेली नाही. पण बाहेर गेलेल्या प्रत्येक डब्यात नवा ड्रायव्हर घालायला पुढचे चार महिने गेले, आणि दर डब्यामागे कुणाला तरी प्रवास करावा लागला.

नव्या ड्रायव्हरमध्ये मी फार काही हुशारी केली नाही. चिप म्हणाली 'माहीत नाही', तर ड्रायव्हरही म्हणतो 'माहीत नाही'. खूण पुसली जाते ती फक्त कुणी माणसाने खरी वेळ लावली तरच. अंदाज द्यायचाच असेल तर त्यावर 'अंदाज' असं लिहिलेलं असतं. आणि झोपेतून उठलेला प्रत्येक डबा नोंदीत एक ओळ सोडतो, 'इथे खंड आहे, किती ते ठाऊक नाही.' ती ओळ दिसायला चांगली नाही, पण खरी आहे.

वाचकहो, तुमच्यापैकी फार थोडे जण कधी ड्रायव्हर लिहितील. पण आपण सगळेच कुणासाठी तरी घटिकापात्रापाशी बसलेले असतो. मुलं विचारतात, म्हातारे आईवडील विचारतात, ऑफिसात कुणी विचारतं. ठाऊक नसताना ठामपणे उत्तर देण्याची सवय आपल्याला सहज लागते, कारण रिकाम्या रेषा कुणालाच आवडत नाहीत. डॉक्टरांनी कोणती गोळी सांगितली होती, गॅस बंद केला होता का, पैसे भरले का? "हो हो, केलं असेल" आणि "आठवत नाही, बघून सांगते" यांत फरक आहे. पहिलं उत्तर ऐकायला गोड, दुसऱ्याने उठून स्वयंपाकघरात जावं लागतं.

नवा ड्रायव्हर घालून झाल्यावर मी सिस्टरांना स्वतः फोन केला. चूक माझी होती हे सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आता घड्याळ थांबलं तर काय दिसेल?"

"नुसत्या रेषा."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "रेषा दिसल्या की मी भिंतीवरचं घड्याळ बघून वहीत लिहून ठेवत जाईन. आम्हाला तेवढंच कळायला हवं होतं, मॅडम. वहीला वीज लागत नाही."